बेलवरचं नाव

बर्लिनमध्ये फ्लॅटला नंबर नसतो. इमारतीला असतो, आतल्या घरांना नाही. रस्त्यालगतची इमारत, अंगण, अंगणापलीकडची मागची इमारत, अशी मिळून वीस-पंचवीस बिऱ्हाडं, आणि पोस्टमनला खूण एकच: बेलच्या बटणांशेजारची आणि पत्रपेट्यांवरची आडनावं. आडनाव दिसलं नाही की पत्र आलं तसं परत जातं. ही एवढीशी गोष्ट मला इथे येऊन सात आठवडे झाल्यावर कळली, आणि तोवर माझी दोन पत्रं परत गेली होती.

मी २०२२ च्या ऑक्टोबरात आले. नोकरी हातात होती, त्यामुळे घराचं काय, महिन्याभरात मिळेल, असा माझा तोरा. पहिले तीन महिने नॉयक्योल्नमध्ये, झोनेनआलेपासून दोन गल्ल्या आत, एका भाडेकरूचं घर त्याच्या गैरहजेरीत घेतलं. याला इथे त्स्विशनमीटं म्हणतात, मधल्या काळाचं भाडं. किल्ली देताना तो सहज म्हणाला, ‘‘बेलवर नाव नको लावूस. आणि आनमेल्डुंग इथे होणार नाही.’’ मी हो म्हटलं. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही त्याला हो म्हणणं सोपं असतं.

आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारदरबारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत करायची, असा कायदा आहे. २०१५ च्या नोव्हेंबरपासून त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग; हे एका दमात म्हणता येईपर्यंत माझे चौदा दिवस संपले. आमच्या या भाडेकरूने मूळ मालकाला न विचारताच घर मला दिलं होतं, मग तो सही कशाला करतोय? नोंद नाही म्हणून कर क्रमांक नाही. कर क्रमांक वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या करवर्गाने कापतात, आणि तो सगळ्यांत जड वर्ग. ऑफिसातली पगार बघणारी बाई दर सोमवारी गोड आवाजात विचारायची, ‘‘आला का नंबर?’’ मी म्हणायचे, येतोय. कुठे येणार होता? माझं नाव त्या शहरात एकाही पाटीवर नव्हतं.

घर शोधायला लागले तेव्हा दुसरी गाठ दिसली. इथे अर्जासोबत फाइल द्यावी लागते: तीन पगारपत्रकं, शूफाचा दाखला, म्हणजे तुमची बिलं आणि कर्जं तुम्ही नीट फेडता का याचा अहवाल, आणि शिवाय आधीच्या घरमालकाचं ‘भाडं थकलेलं नाही’ असं पत्र. माझ्याकडे पगारपत्रक एक. शूफाकडे माझ्याबद्दल काहीच नाही, ना चांगलं ना वाईट. आणि आधीचा घरमालक तर मी त्या घरात राहते हेच जाणत नव्हता.

घर बघायला गेले की जिन्यात रांग. वेडिंग नावाच्या भागातल्या एका घरासाठी मी मोजली होती, तिसऱ्या मजल्यावरून खाली फुटपाथपर्यंत बेचाळीस माणसं. प्रत्येकाच्या काखेत फाइल. एका जोडप्याने फाइलच्या पहिल्या पानावर कुत्र्याचा फोटो लावला होता, आणि खाली लिहिलं होतं, तो भुंकत नाही. आत सोडत होते पाच-पाच जणांना. माझी पाळी आली तेव्हा मी स्वयंपाकघर शोधत राहिले. होतं, पण त्यात काहीच नव्हतं. भिंतीतून दोन नळ बाहेर आलेले, खाली शेगडीसाठी एक सॉकेट, ओट्याच्या जागी फरशीवर चौकोनी डाग. मागची मंडळी ओटा, सिंक, कपाटं सगळं उचलून घेऊन गेली होती. हे इथे सर्रास चालतं. छताला दिवेही नसतात, नुसत्या तारा लोंबतात. ‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे एक झोपायची, एक बसायची; स्वयंपाकघर आणि बाथरूम खोल्यांत धरत नाहीत. भाड्याचे आकडेही दोन असतात. काल्टमीटं, म्हणजे थंड भाडं, ते नुसत्या जागेचं. वार्ममीटं, म्हणजे गरम भाडं, त्यात पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट आणि बहुतेक वेळा हीटिंग. वीज त्यातही नाहीच. मी पहिले दोन आठवडे थंड आकडे बघून खूश होत होते.

भाड्याला लगाम घालणारा कायदा बर्लिनमध्ये २०१५ च्या जूनपासून आहे. नव्या कराराचं भाडं त्या भागातल्या प्रचलित भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त नको, असा साधारण नियम; नव्या बांधकामाला सूट. २०२० मध्ये शहराने याच्याही पुढे जाऊन भाडी गोठवली होती, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला. माझ्या ऑफिसातल्या एकाला तोवर वाचवलेले पैसे मालकाला परत मोजावे लागले; तो अजून त्या विषयावर जेवणाच्या सुट्टीत तावातावाने बोलतो. कायदा चांगलाच आहे. पण बेचाळिसाव्या नंबरवर उभं राहून कोण प्रचलित भाड्याचा तक्ता काढतो? तक्रार सही केल्यावरही करता येते आणि त्यासाठी भाडेकरू संघटना मदत करतात, हे मला नंतर कळलं.

मधेच एक सोन्यासारखं घर मिळालं. प्रेन्झलाउअर बेर्ग, सत्तर चौरस मीटर, लाकडी जमीन, उंच छत, ६५० युरो गरम. मालक लंडनला असल्याचं सांगत होता. म्हणाला, मला यायला जमणार नाही, तू अनामत पाठव, मी किल्ली कुरिअरने पाठवतो, घर आवडलं नाही तर पैसे परत. मेल इतक्या सभ्य भाषेत की मला त्याचीच दया आली. तरी एका शनिवारी जाऊन इमारत बघितली. बेलची पितळी पाटी होती, अठरा नावं. त्याचं आडनाव नव्हतं. यावरून लगेच निष्कर्ष काढायलाही मला लाज वाटत होती, कारण माझं तरी आडनाव कुठे होतं? मी पाटी तिसऱ्यांदा वाचत होते तेवढ्यात एक आजी पिशवी घेऊन बाहेर आल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘‘इथे कुणी घर सोडलेलं नाही. या आठवड्यातली तू तिसरी.’’

मी ट्रामच्या थांब्यावर बसून थोडं रडले. मग त्याच थांब्यावरून मोआबिटमधल्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन केला. त्यांच्याकडची एक खोली रिकामी असल्याचं ऑफिसात कुणीतरी बोललं होतं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावणार का, आणि हिवाळ्यातही रोज खिडकी सताड उघडून दहा मिनिटं हवा घेणार का. दोन्हींची बरोबर उत्तरं मला तोवर पाठ झाली होती. नोंदणीच्या कागदावर त्यांनी हसत सही केली. अपॉइंटमेंट पार स्पांडाउला मिळाली. शहरातल्या कुठल्याही नागरी कार्यालयात चालते. काम दहा मिनिटांत झालं. बाईंनी पत्रपेटीवर माझ्या नावाची चिठ्ठीही चिकटवली, स्वतःच्या अक्षरात. बेलवर मात्र नाही. ‘‘बेल माझी आहे,’’ म्हणाल्या. काही दिवसांनी अकरा आकड्यांचा कर क्रमांक त्या पेटीत येऊन पडला. तो जन्मभर बदलत नाही म्हणतात. मी त्याचा फोटो ऑफिसातल्या बाईला पाठवला, तिने टाळ्यांचं चित्र पाठवलं.

स्वतःचं घर शेवटी रांगेतून मिळालंच नाही. ऑफिसातल्या एकीची शेजारीण गाव सोडून निघाली होती आणि तिला आपली जागा घेणारा माणूस हवा होता. इथे अशा माणसाला नाखमीटर म्हणतात, मागून येणारा भाडेकरू. तिचा हेतू शुद्ध होता: ओटा, शेगडी आणि फ्रिज उचलून न्यायचे नव्हते, विकायचे होते. १,४०० सांगितले, ९०० वर ठरलं, आणि तिने व्यवस्थापन कंपनीकडे माझं नाव सुचवलं. मी अजूनही सगळ्यांना हेच सांगते. वेबसाइटवर शंभर मेल टाका, जरूर टाका, पण कामाच्या ठिकाणी कॉफीच्या यंत्राशी उभं राहून घर शोधतेय हे मोठ्याने बोला.

वेडिंग, मागची इमारत, तिसरा मजला. बावन्न चौरस मीटर, थंड ६४०, गरम ७९०. अनामत तीन थंड भाड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे. मला हक्क पाठ होता. तरी १,९२० युरो एकरकमी भरले, न जाणो मागे बेचाळीस जण उभे असतील.

किल्ल्या घ्यायला गेले तो पुढच्या वर्षीच्या डिसेंबरातला दिवस, चार वाजता अंधार. कंपनीचा माणूस टॉर्च घेऊन आला होता. आम्ही दोघांनी मिळून जमिनीवरचे ओरखडे मोजले, चौदा निघाले. मीटरचे आकडे लिहिले, फोटो काढले. तो म्हणाला, ‘‘लिहा, सगळं लिहा. जाताना तुमच्याच कामाला येतं.’’ तो गेल्यावर टॉर्चही गेला. मोबाइलची बॅटरी चार टक्के. मग फ्रिज चालू केला, त्याचं दार उघडं ठेवलं आणि त्या उजेडात खोकी फोडली.

बेलची पाटी कंपनीच बनवून लावते, तिला महिना लागतो म्हणाले. आडनाव लांब आहे, शेवटची दोन अक्षरं बसणार नाहीत, चालेल का? चालेल म्हटलं. पण महिनाभर थांबायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाची पट्टी कापली, पूर्ण आडनाव लिहिलं आणि वर सेलोटेप मारली. पत्रपेटीवर एक, बेलवर एक. बेलवरची जरा तिरकी लागली.

वर येऊन बूट काढतेय तोच बेल वाजली. मी धावत जाऊन बटण दाबलं. कुरिअरवाला तीन मजले चढून धापा टाकत आला आणि एक मोठं खोकं माझ्या हातात ठेवलं. चौथ्या मजल्यावरच्यांचं. ते घरी नव्हते, घेता का?

मी माझ्या आडनावाने सही केली.