सॅलिनासच्या मुलींनी काय केलं

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते हे कळलं की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "संशोधनात वस्तीला भागीदार करायचं म्हणजे काय? नमुने द्यायला माणसं मिळावीत, एवढंच ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. एवढंच असेल तर त्याला भागीदारी म्हणू नये.

कॅलिफोर्नियातलं सॅलिनास खोरं म्हणजे लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीचं आगर. तिथल्या शेतांत राबणारे बहुतेक मजूर मूळचे मेक्सिकोचे. बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि सहकाऱ्यांनी 1999-2000 मध्ये तिथल्या 601 गरोदर बायकांना सोबत घेऊन 'चामाकोस' अभ्यास सुरू केला, खोऱ्यातल्या दवाखान्यांच्या साथीनं. 2011 मध्ये त्यातून पुढे आलेली गोष्ट अस्वस्थ करणारी होती. गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश सर्वाधिक सापडले, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्या गटापेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी भरला.

हे नुसतं जर्नलमध्ये छापून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या आईनं वर्षानुवर्षं वेळ दिला, तिला ते तिच्या भाषेत समजलं पाहिजे. ती भाषा दरवेळी स्पॅनिशच असते असंही नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याकडून आलेली कित्येक कुटुंबं घरात मिश्तेको किंवा त्रिकी या तिथल्या मूळ भाषा बोलतात. हातमोजे घाला, मुलाला उचलण्याआधी कामाचे कपडे बदला, हे सांगायलाच हवं. पण शेतात काय फवारायचं ते मजूर ठरवत नाहीत, म्हणून सगळा भार त्यांच्या हात धुण्यावर टाकता येत नाही. कॅलिफोर्नियानं 2020 अखेर क्लोरपायरिफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा वापर जवळजवळ बंद केला. त्यामागे असे अभ्यास होते, तसा शेतमजुरांच्या बाजूनं लढणाऱ्या संघटनांचा रेटाही होता.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो 2013 चा 'हर्मोसा' अभ्यास. सॅलिनासमधल्याच तरुण मुलामुलींनी तो आखायला, राबवायला मदत केली. 14 ते 18 वयाच्या 100 लॅटिना मुलींनी 3 दिवस नेहमीची सौंदर्यप्रसाधनं बाजूला ठेवून पॅराबेन (प्रसाधनं टिकावीत म्हणून घालतात ते), ट्रायक्लोसान (जंतुनाशक) वगैरे हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करू शकणारी रसायनं नसल्याचं लेबल असलेली वापरली. लघवीतलं मिथाइल पॅराबेन सुमारे 44 टक्क्यांनी घटलं, ट्रायक्लोसान 36 टक्क्यांनी. दोन पॅराबेनचं प्रमाण मात्र चक्क वाढलं, आणि तेही अभ्यास करणाऱ्यांनी जसंच्या तसं मांडलं. मुली काय विकत घेतात, कुणाचं ऐकतात, कोणता प्रश्न त्यांना खुपतो, हे बाहेरून आलेल्या प्राध्यापकाला कसं कळणार?

म्हणून कुठलाही प्रस्ताव हाती आला की मी आधी अंदाजपत्रक उघडते. वस्तीतल्या कार्यकर्तीचा पगार त्यात धरलाय का, आणि निष्कर्ष घरोघरी पोचवायला पैसे ठेवलेत का, ते बघते.