अर्जेंटिनाचे २०२२ : वर्ल्ड कपच्या आधी

गोव्यात फुटबॉल वर्ल्ड कपचे वारे सुटले की ब्राझील, पोर्तुगाल आणि अर्जेंटिनाचे झेंडे फडकू लागतात. २०२२ च्या अर्जेंटिनाविषयी इथे कोणालाही विचारले तरी उत्तर १८ डिसेंबरचेच मिळते : कतारमधील लुसैल, अंतिम सामना, फ्रान्सविरुद्ध ३-३, पेनल्टींवर ४-२. मला मात्र त्या वर्षी अधिक रस होता तो तिथल्या देशी लीगमध्ये. जगज्जेत्या संघातील २६ खेळाडूंपैकी अर्जेंटिनातील क्लबकडून खेळणारा फक्त एकच होता, रिव्हर प्लेटचा गोलरक्षक फ्रँको अर्मानी, आणि त्यालाही कतारमध्ये एक मिनिटसुद्धा खेळायला मिळाले नाही.

वास्तविक त्या वर्षाचा निम्मा भाग त्याच जगज्जेत्या संघातील हुलियन आल्वारेझ आणि एन्झो फर्नांडेझ हे दोघेही रिव्हरकडेच होते. मँचेस्टर सिटीने आल्वारेझला जानेवारीतच विकत घेतले होते, तरी जुलैपर्यंत तो ब्युनोस आयर्समध्येच खेळला आणि २५ मे रोजी पेरूच्या आलियान्झा लिमाविरुद्ध त्याने एकट्याने सहा गोल केले. एन्झो जुलैत पोर्तुगालच्या बेनफिका क्लबकडे गेला. डिसेंबरमध्ये जगाने ज्यांना डोक्यावर घेतले, त्यांना तिथल्या प्रेक्षकांनी आधीच निरोप दिला होता.

ऑक्टोबर वाईट उगवला. ६ तारखेला ला प्लाता येथे हिम्नासिया आणि बोका ज्युनियर्स यांच्या सामन्यात पोलिसांनी अश्रुधूर सोडला, सामना थांबवावा लागला आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. पाहुण्या संघाच्या समर्थकांना २०१३ पासून मैदानबंदी असूनही हे घडले, हे विसरता येत नाही.

लीगचा निकाल २३ ऑक्टोबरला लागला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि ती नेमकी नरकासुराची रात्र होती. फोंड्यात आमच्या वाड्यावरची मुले दिव्यांचे डोळे लावलेला नरकासुर डीजेच्या दणदणाटात मिरवत होती आणि मी कडेला उभा राहून मोबाईलवर गुण मोजत होतो. बोका रेसिंग या क्लबपेक्षा एका गुणाने पुढे होता. रेसिंगचा शेजारी आणि हाडवैरी इंडिपेंडिएंटे याने बोकाला २-२ असे रोखले, म्हणजे रेसिंगने जिंकले की विजेतेपद त्यांचे. १-१ अशी बरोबरी असताना अखेरच्या मिनिटांत रेसिंगला पेनल्टी मिळाली. समोर रिव्हर, अर्थात बोकाचा जन्माचा शत्रू. अर्मानीने ती अडवली, नंतर रिव्हरनेच गोल करून सामना २-१ असा जिंकला आणि बोका विजेता ठरला. एवढा उपरोधिक शेवट नाटककारालाही सुचला नसता!

पुढे, जानेवारी २०२३ अखेर, एन्झोसाठी चेल्सीने १२ कोटी युरोंहून अधिक रक्कम मोजली. बेनफिकाला विकताना रिव्हरने त्याच्या हक्कांतील २५ टक्के वाटा स्वतःकडे राखला होता. तिथल्या क्लबांचे अर्थकारण अशा व्यवहारांवरच चालते, आणि मला वाटते, त्यांची लीग दरवर्षी विस्कटण्याचे कारणही तेच आहे.