बोर्ड वाचायचा सराव: पंजी, दश्शी आणि फिरणारे नट्स

टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी (हाच बोर्ड), आणि या सातांतून पाच पानांचा भारी हात जमवायचा. त्याच्या सरावात सध्या हातातल्या पानांकडे मी बघतच नाही. जेवणं आटपली की पत्ते पिसायचे, पाच पानं उघडी मांडायची आणि एवढंच सांगायचं: या बोर्डवर सगळ्यांत भारी हात, म्हणजे नट्स, कोणता?

क्रम आता अंगवळणी पडलाय. बोर्डवर जोडी नसेल, तर फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) कुणाकडेच असू शकत नाही. एकाच प्रकारची तीन पानं नसतील, तर फ्लश (पाचही पानं एकाच प्रकारची, जसं पाच बदाम) बाद. उरतो स्ट्रेट (ओळीने पाच पानं), आणि खरा वेळ तोच खातो. त्यावर एक गोष्ट फार उपयोगी पडली. कुठलाही स्ट्रेट घ्या, त्यात पंजी किंवा दश्शी असतेच. दोन्ही बोर्डवर नसतील, तर स्ट्रेटवाल्याच्या हातात त्यातलं एक हवंच.

राणी, अठ्ठी, सत्ती, तिर्री, दुर्री असा बोर्ड पाहा. फ्लशही नाही असं धरू. इथे स्ट्रेट बसतच नाही, कारण कुठलीही तीन पानं सलग पाचांच्या टप्प्यात येत नाहीत. नट्स तीन राण्या. नट्स याहून खाली कधीच जात नाहीत. हे कागदावर मांडून पटलं तेव्हा फार आनंद झाला.

१९८८ च्या पोकर वर्ल्ड सिरीजचा शेवटचा डावही असाच वाचून पाहिला. फ्लॉप, म्हणजे आधी उघडणारी तीन पानं: राणी, दश्शी, अठ्ठी. जॉनी चॅनकडे गुलाम-नव्वी, म्हणजे तिथेच नट्स. एरिक सायडेलकडे बोर्डवरच्या राणीशी जमलेली राण्यांची जोडी. पुढे दुर्री आणि छक्की आली, तरी चॅनचाच हात वर राहिला.

सगळेच बोर्ड इतके स्थिर नसतात. शक्य फ्लॉप २२,१००. त्यातल्या सुमारे ५५ टक्क्यांत दोन पानं एकाच प्रकारची असतात, आणि माझा सगळा जीव सध्या याच फ्लॉपांत अडकलाय. परवाचा बोर्ड: बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. नट्स तीन राजे. टर्नला (चौथ्या पानाला) बदाम नव्वी आली आणि बदाम एक्क्याचा फ्लश वर गेला. रिव्हरला (पाचव्या पानाला) चौकट सत्ती. आता नट्स चार सत्त्या!

हल्ली नट्सवर न थांबता पुढचे हातही ओळीने सांगतो. याच बोर्डवर चार सत्त्यांमागे राजांचं फुल हाउस, मग नव्व्यांचं. त्यानंतर हातात सत्ती-राजा, सत्ती-नव्वी, सत्ती-दुर्री, आणि शेवटी दुर्रीची जोडी असलेला. म्हणजे टर्नला कुणालाच न हरणारा एक्क्याचा फ्लश एका पानात थेट आठव्या नंबरावर. अशी यादी अजून सावकाश होते. रिव्हरचं पान पडताच ती तोंडून निघावी, इथपर्यंत पोचायचंय.