डोमेन कुणाच्या नावावर हाय?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं ऑफिस आहे, वेबसाइट, ईमेल, सर्व्हर असली कामं करतो, गिऱ्हाईक बहुतेक उद्यमनगर आणि एमआयडीसीतलं. दिवाळीची सुट्टी संपून फाउंड्र्या नुकत्याच सुरू झालेल्या आणि सकाळीच शिरोलीच्या एका फाउंड्री मालकांचा फोन आला. आधीची काही ओळख नाही, कुणीतरी माझा नंबर दिलेला. म्हणाले, "जर्मनीचा बायर फोन करून इचारतोय कंपनी बंद केली काय म्हणून. त्येनं पाठवलेल्या मेल परत जायला लागल्यात. तुमी या की लगेच."

गेलो. मालकांचा पोरगा इंजिनियर, त्याला वाटत होतं साइट हॅक झालीय. गेल्या आठवड्यात साइट उघडली की कसल्यातरी जाहिराती दिसायच्या आणि त्या दिवशी सकाळपासून तर काहीच उघडत नव्हतं. होस्टिंगवाल्यांना (ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली) फोन करून झालेला, ते म्हणाले आमच्याकडं सगळं ओके आहे, आणि ते खरंच होतं. जीमेलसारखा मेलबॉक्स उघडत होता, जुन्या सगळ्या मेल दिसत होत्या, फक्त नवीन एकही येत नव्हती. सुट्टीमुळं मेल नाहीत असंच सगळ्यांना वाटलं, त्यामुळं आठवडाभर कुणाला शंकासुद्धा आली नाही.

मी पहिल्यांदा डोमेनचा, म्हणजे वेबसाइट आणि ईमेलच्या पत्त्यातल्या नावाचा, रेकॉर्ड काढून बघितला आणि पोटात गोळाच आला. स्टेटस होतं रिडेम्प्शन पिरियड.

डोमेन आपण विकत घेतलं म्हणतो पण ते मुदतीवर असतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. डॉट कॉमची मुदत संपली की लगेच जात नाही, रजिस्ट्रारकडं (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडं) साधारण महिना-दीड महिन्यापर्यंत साध्या फीत रिन्यू करायची सवलत असू शकते, ज्याचा त्याचा हिशोब वेगळा (गेल्या आठवड्यातल्या जाहिराती या काळातल्याच). ती गेली की रिडेम्प्शनचे, म्हणजे जादा फी भरून सोडवायचे, ३० दिवस, त्यात डोमेन इंटरनेटच्या यादीतनंच काढलेलं असतं, म्हणून मेल पाठवणाऱ्याला हे डोमेनच अस्तित्वात नाही असं उत्तर जातं. त्यानंतर ५ दिवस पेंडिंग डिलीट, त्या ५ दिवसांत मालकसुद्धा काही करू शकत नाही, आणि मग ते मोकळं सुटतं आणि जो पहिला उचलेल त्याचं. सुटणारी जुनी डोमेन उचलायला कंपन्या मशिनं लावून बसलेल्या असतात, माणसाच्या हाताला ते लागणं अवघड. आणि रिडेम्प्शनमधनं सोडवायचं तर ते ज्या रजिस्ट्रारकडं होतं त्याच्याकडनंच आणि ज्या खात्यात होतं तिथनंच.

मालक म्हणाले, "मग दुसरं नाव घिऊया की, हजारभर रुपयांचा तर इषय हाय."

हे मला त्यांना बसवून समजावून सांगावं लागलं. कारण वेबसाइटचं मला फारसं काही नव्हतं, माझी भीती मेलची होती. हे डोमेन उद्या भलत्याच्या हातात गेलं की तो त्यावर मेलबॉक्स उघडणार, आणि जर्मनीतला बायर, बँक, सीएचएवाला (कस्टमचं काम बघणारा एजंट) ज्या ज्या मेल जुन्या पत्त्यावर पाठवतील त्या सगळ्या त्याला मिळणार. वर तो तुमच्याच पत्त्यावरनं बायरला लिहू शकतो की आमचा बँक अकाउंट बदलला, पेमेंट इकडं करा. पत्ता तर खराच आहे, बायरला संशय कसा येणार? मालक एकदम गप्प झाले आणि मग पोराला म्हणाले, "आनी त्ये नवीन ड्रॉइंग?" पंप हाउसिंगच्या कास्टिंगचं बदललेलं ड्रॉइंग त्याच आठवड्यात यायचं होतं आणि पॅटर्न शॉप त्याच्यासाठी थांबलेलं. पोरानं तिथल्या तिथं बायरला स्वतःच्या पर्सनल जीमेलवर ड्रॉइंग मागितलं, तर त्यांचा नियम, कंपनीच्या डोमेनशिवाय दुसऱ्या पत्त्यावर ड्रॉइंग पाठवत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

आता प्रश्न, खातं कुणाचं? रेकॉर्डमध्ये रजिस्ट्रारचं नाव आणि तारखा दिसतात पण मालकाचं नाव हल्ली झाकलेलं असतं, २०१८ पासून युरोपच्या प्रायव्हसी कायद्यामुळं सगळीकडं तसं झालंय. अकाउंट बघणाऱ्या मॅडमनी जुन्या बॉक्स फायली खाली काढल्या आणि एकीत २०१४ चं बिल सापडलं, हातानं लिहिलेलं, "डोमेन १० वर्षे + वेबसाइट", खाली त्या वेळच्या डिझायनरचा शिक्का आणि त्याचा ईमेल पत्ता. म्हणजे सगळं त्याच्या खात्यात, त्याच्या नावावर. जमीन आपण कसतोय आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, तसला प्रकार. हे मला कोल्हापुरात इतक्या ठिकाणी सापडतं की सांगता सोय नाही, आणि यात बहुतेक वेळा कुणाची बनवाबनवी नसते, डिझायनर म्हणतो मी करून देतो आणि मालक म्हणतो करून टाक.

रजिस्ट्रारच्या सपोर्टला तोवर लिहून झालेलं, त्यांचं उत्तर आलं, खात्यावर नोंदवलेल्या ईमेलवरनं मेल करा. तो ईमेल डिझायनरच्या स्वतःच्या धंद्याच्या डोमेनवरचा, आणि ते बघितलं तर तेही संपून कधीचं सुटलेलं! मग मुदत संपायची मेल कुणाला कशी मिळणार? नियमानं रजिस्ट्रारला साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर ५ दिवसांत अशा सूचना पाठवाव्या लागतात, त्या त्यांनी पाठवल्याही असतील, पण पत्ताच मेलेला. ऑटो रिन्यूला लावलेलं कार्डही १० वर्षांपूर्वीचं, आणि कार्ड चालू असतं तरी २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं परवानगी घेतल्याशिवाय असे पैसे आपोआप कापले जात नाहीत.

डिझायनर कॅनडात, बिलावरचा नंबर बंद. पण मालकांना आठवलं की त्याच्या वडलांचं शुक्रवार पेठेत चटणी कांडप आहे. तसेच गाडीत बसलो. कांडप चालू, आत ठसक्यानं उभं राहवेना, डोळ्यातनं पाणी, त्यात मालक त्या काकांना मोठ्यानं सांगतायत की तुमच्या पोरानं आमची वेबसाइट केलेली. काकांना आधी वाटलं तक्रारच घेऊन आलेत. मी म्हटलं, "काका, भांडण न्हाई काय, फकस्त एक फोन लावून द्या." त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावला. तिकडं जेमतेम सकाळ झालेली. पोरगा भला निघाला, ऐकल्या ऐकल्या म्हणाला, "मालक, पासवर्ड आठवत न्हाई पर सांगा काय करू त्ये."

मग मी त्याला सांगितलं, तुझं जुनं डोमेन मोकळं आहे, तूच ते आत्ता परत घे, तुझ्या नावावर, तुझ्या कार्डानं. त्यानं घेतलं. डॉट कॉम रजिस्टर केलं की काही मिनिटांत चालू होतं. त्यावर ईमेल फॉरवर्डिंग कसं लावायचं ते मी इथनं सांगत गेलो, जुन्या पत्त्याची मेल त्याच्या जीमेलवर वळवली आणि मग रजिस्ट्रारच्या पानावर पासवर्ड विसरलो दाबायला लावलं. पहिल्यांदा काहीच आलं नाही, कारण ज्या सर्व्हरनं आधी हे डोमेन नाही असं उत्तर घेतलेलं असतं तो ते उत्तर थोडा वेळ धरून बसतो. थांबलो. काकांनी चहा सांगितला. परत दाबलं आणि मेल आली, कॅनडातनं तो ओरडला "आली आली!" आणि कांडपात मालकांनी काकांचा हातच धरला.

मला आनंद झाला पण त्याच क्षणी अंगावर काटाही आला. कारण हे आम्ही त्याच्या संमतीनं केलं, पण ते मोकळं डोमेन जगातल्या कुणीही हजारभर रुपये टाकून घेतलं असतं तर पासवर्डची मेल त्याला गेली असती आणि अख्खं खातं त्याचं झालं असतं.

पुढचं काम सोपं. रिस्टोअरची फी वर्षाच्या फीच्या कितीतरी पट होती, मालकांनी फाउंड्रीच्या कार्डानं एका ओटीपीत भरली, एक शब्द बोलले नाहीत. स्टेटस पेंडिंग रिस्टोअर झालं. रात्री जेवताना बघितलं तर डोमेन परत मिळालेलं, मग नेमसर्व्हर (साइट आणि मेल कुठं शोधायची ते सांगणारे सर्व्हर) जाहिरातवाल्यांचे काढून होस्टिंगचे परत टाकले आणि बायरला फोन करून ड्रॉइंग परत पाठवायला सांगितलं. मधल्या काळात परत गेलेल्या मेल काही आपोआप येत नाहीत, त्या पाठवणाऱ्यानंच परत पाठवाव्या लागतात. ड्रॉइंग आलं तेव्हा मालकांनी मला फोन केला आणि नुसतं "आलं बगा" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कंपनीच्या नावानं वेगळं खातं काढून डोमेन तिकडं हलवलं. लॉगिनचा ईमेल मुद्दाम त्या डोमेनवरचा ठेवला नाही, नाहीतर डोमेन बंद पडलं की लॉगिनपण बंद. नोंदणीचा ईमेल पत्ता बदलला की खात्री करायची एक मेल येते, तिच्यातली लिंक १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन परत बंद करतात, ती मॅडमना माझ्यासमोर दाबायला लावली. दोन टप्प्यांचं लॉगिन पण चालू केलं.

आणि त्या डिझायनरच्या खात्यात अजून पंधरा-वीस डोमेन होती. एक मंगल कार्यालय, एक डॉक्टर, चप्पलवाले, गुळाचे व्यापारी, सगळी कोल्हापूरची माणसं आणि कुणालाच माहीत नाही की आपलं नाव कुणाच्या खात्यात आहे. दोघांची मुदत डिसेंबरातच संपत होती. डिझायनरनं मला म्हटलं, दादा, तुम्हीच ज्याचं त्याला देऊन टाका, मी इथनं मंजुरी देतो. डॉक्टरांचं झालं, कार्यालयवाल्यांचं झालं, चप्पलवाल्यांनी आधी मला ठगच समजून फोन ठेवला, मग मालक स्वतः महाद्वार रोडला त्यांच्या दुकानात जाऊन बसले. गुळवाले फोनच उचलत नाहीत, उद्या सकाळी सौद्याच्या वेळेला मार्केट यार्डात गाठणार आहे.