नाव एक, पत्ते दोन

काल सकाळी अकाउंट्समधल्या काकूंचा फोन. “अरे, सर्व्हर फक्त माझ्याकडेच उघडत नाहीये. बाकी सगळ्यांचं चालू आहे.”

त्यांच्या विंडोज मशिनवर बसलो. एनएसलुकअपला, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या कमांडला, सर्व्हरचं नाव दिलं, उत्तर चोख: १९२.१६८.१.४०. त्याच नावाला पिंग केलं, म्हणजे ते मशिन उत्तर देतंय का ते पाहिलं, तर ते निघालं १९२.१६८.१.१२ कडे! तो तर जुना सर्व्हर, कधीच बंद केलेला.

अशा वेळी बरेच जण डीएनएस सर्व्हरच्या, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरच्या, मागे लागतात. पण एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारतं. पिंग विंडोजला विचारतं, आणि विंडोज आधी स्वतःची होस्ट्स फाइल, म्हणजे नावं आणि पत्त्यांची यादी, बघतं. दोघांची उत्तरं वेगळी आली की मी सरळ ती फाइल उघडतो: विंडोज फोल्डरात सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, इटीसी. (१९८३ साली डीएनएस आलं, त्याआधी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या संगणकांचे पत्ते अशाच एका फाइलीत असायचे.)

नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, नाहीतर सेव्ह होत नाही. अगदी तळाशी जुन्या पत्त्याची ओळ सापडली, कुणीतरी हाताने घातलेली. ती बाद व्हावी म्हणून पुढे हॅश (#) लावला, आयपीकॉन्फिगने फ्लशडीएनएस करून विंडोजने लक्षात ठेवलेले पत्ते पुसले, पुन्हा पिंग. चाळीस!

काकूंनी लगेच अडलेली व्हाउचरं काढायला घेतली.