पदर लांब ठेव आई, लेन्स आहे ती

गेल्या रविवारी ताई, म्हणजे माझी आतेबहीण, भावजी आणि त्यांची दोन पोरं घरी आली होती. मिसळ हाणून झाली, ताक पिऊन झालं, आणि मग ठरल्याप्रमाणे "मामा तो डबा लाव ना डोळ्याला" सुरू झालं. डबा म्हणजे माझा व्हीआर हेडसेट, मेटा कंपनीचा क्वेस्ट टू, डोळ्यांवर बांधला की आपण चित्राच्या आतच शिरल्यासारखं वाटतं. आधी पोरांनी घातला, मग ताईने रोलर कोस्टरवर बसून अख्ख्या इंदिरानगरला ऐकू जाईल अशी किंचाळी मारली, आणि काढून हातात दिला तेव्हा उजव्या लेन्सच्या कडेला काजळाचा मस्त फराटा आणि डाव्या लेन्सवर धाकट्याच्या अंगठ्याचा तर्रीवाला ठसा, म्हणजे अगदी बोटावरच्या रेषा मोजता येतील असा.

मी कापड आणायला आत वळतोय तोवर आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं पण होतं. "आई थांब!!" असा काही ओरडलो की भावजींचा चहा बशीत सांडला. आईचा चेहरा पडला. "देवाच्या फोटोच्या काचा याच पदराने पुसते मी, तेव्हा नाही कुणी ओरडत."

आता तिला काय सांगू, की ती काच नाहीच मुळी. हेडसेटच्या लेन्स प्लास्टिकच्या असतात, वर पातळसं कोटिंग असतं. आणि सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, जिकडे बघावं तिकडे रस्ता उकरलेला, सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी बोटाने नाव लिहिण्याजोगं होतं. त्या धुळीतले वाळूचे बारीक कण प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे लेन्सवर धूळ असताना कोरडं फडकं फिरवलं, मग ते पदर असो की टीशर्ट की महागाचं कापड, तरी तो सरळ पॉलिश पेपरच झाला. डाग तसाच राहू दिला तर लेन्सचं फारसं काही बिघडत नाही, पण घाईने पुसलात तर बिघडतं.

हे शहाणपण मला फुकट नाही मिळालेलं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तासभर तो तलवारीने ठोकळे कापायचा गेम खेळून चेहऱ्याचा स्पंज घामाने ओला झाला होता, तर मी हुशार माणूस, हेडसेट गॅलरीत उन्हात ठेवला वाळायला, लेन्स आकाशाकडे करून! दहा-पंधरा मिनिटंच असेल. लहानपणी भिंगाने कागद जाळलाय सगळ्यांनी, पण हे डोक्यातच आलं नाही की हीसुद्धा भिंगंच आहेत आणि त्यांच्यामागे बरोबर स्क्रीन बसवलेली आहे. संध्याकाळी लावला तर उजव्या डोळ्यासमोर पिवळसर ठिपका.

मला वाटलं लेन्सवर काहीतरी चिकटलंय. पुसलं. जाईना. टीशर्टने घासलं, मग चष्म्याचा स्प्रे मारून घासलं, मग अजून जोर लावून घासलं, आणि ठिपका होता तिथेच, फक्त आता लेन्सवर चरे उठले आणि एका बाजूचं कोटिंग पार गेलं. अजूनही अंधाऱ्या सीनमध्ये पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धुरकट वलय दिसतं. नंतर मॅन्युअल उघडलं, तर त्यात स्पष्ट लिहिलंय की लेन्सवर थेट ऊन पडू देऊ नका, लिक्विड किंवा केमिकल वापरू नका, कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा. आधी वाचायला काय झालं होतं!

तेव्हा कळलेली एक गोष्ट मात्र लय कामाची आहे. हेडसेट घातल्यावर आपली नजर लांबच्या चित्रावर फोकस होते, त्यामुळे लेन्सवरची घाण कधीच रेखीव दिसत नाही, तिथे नुसतं धुकं धुकं वाटतं. ठिपका जर टाचणीच्या डोक्यासारखा रेखीव दिसत असेल तर तो बहुतेक स्क्रीनवर आहे, आणि मग लेन्स कितीही घासा, घंटा फरक पडत नाही. अजून एक, क्वेस्ट टूची लेन्स उजेडात तिरकी धरली की गोल गोल कडी दिसतात. ते चरे नाहीत, लेन्सच तशी आहे, फ्रेनेल म्हणतात तिला. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपस्तंभासाठी काढलेली आयडिया, जाड भिंगाच्या कडी कडी करून ते चपटं करायचं. पुढे क्वेस्ट थ्रीला पॅनकेक लेन्स आली, तिच्यात ही कडी नाहीत.

तर रविवारी. पंखा बंद केला (वरून पात्यांवरची धूळ पडते, हे कुणाच्या लक्षात येत नाही), हात साबणाने धुऊन कोरडे केले. हेडसेट उलटा, लेन्स जमिनीकडे, आणि एमजी रोडवरून आणलेला कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर पाच-सहा वेळा फुसफुस केला, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडते, परत लेन्सवर बसत नाही. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडतेच. दाबून भरलेल्या हवेचा स्प्रेसारखा डबा मिळतो तोही नको, जरा तिरका झाला की आतलं थंडगार लिक्विड फवारतो.

मग कापड, बोटाच्या पेराला हलकंच गुंडाळून, मध्यापासून सुरू करून बाहेर बाहेर गोल. जोर किती, तर झोपलेल्या बाळाच्या गालावरून बोट फिरवतो तितकाच. तर्रीचा ठसा लवकर गेला. काजळाने मात्र घाम काढला, ते तेलकट असतं ना, पहिल्या फेरीत जाण्याऐवजी पसरलं आणि अर्धी लेन्स राखाडी झाली. अशा वेळी हात शिवशिवतात, थोडं पाणी लावू, थोडं सॅनिटायझर लावू. नाही लावलं. दर फेरीला कापडाचा नवा कोपरा घेत गेलो, कोपरे संपले तर दुसरं कापड काढलं, अर्धा तास लागला, ताई शेजारी बसून "सॉरी रे सॉरी रे" करत होती, पण निघालं. (तुमचा हेडसेट दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याचं मॅन्युअल बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं.)

कापडाचाही एक किस्सा आहे. मध्यंतरी पुसलं की लेन्स अजूनच धुरकट व्हायची, काही केल्या कळेना. शेवटी उलगडा झाला, आई ते कापड बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकत होती आणि वरून वासाचं कंडिशनर घालत होती, त्याचा थर कापडावर राहतो आणि तोच लेन्सवर उतरतो. आता मी ते वेगळं धुतो, साध्या सौम्य साबणात, आणि सावलीत वाळवून झिपच्या पिशवीत ठेवतो.

चष्मेवाल्यांनी अजून एक बघा, खोक्यात एक प्लास्टिकची फ्रेम येते, स्पेसर, ती बसवा, नाहीतर तुमच्या चष्म्याची काच लेन्सवर घासत बसते आणि दोघांचंही नुकसान. पावसाळ्यात मी हेडसेटच्या पिशवीत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो.

पुसून झाल्यावर धाकट्याला परत दिला, आता अंतराळातलं काहीतरी लावून. आईने आधी त्याचे हात हुंगून बघितले, मग सोडलं. दोन मिनिटं शांत बसला आणि मग मान वर करून म्हणतो, "मामा, हा पिवळा ग्रह कुठला? मी कुठे पण बघितलं तरी माझ्या मागे मागेच येतोय."