नेब्रास्काचा नकाशा: रेल्वेची गावं झाली, आता वाळूच्या टेकड्या

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ९३ काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) छोट्या वस्त्या क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या संगणक प्रणालीत उतरवायचं काम बरंच पुढे गेलंय. बर्लिंग्टन रेल्वेची ओळ पुरी झाली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. इंग्रजी वर्णमालेत सी ते एल, ओळीने! आज क्रीटमध्ये सातेक हजार माणसं आहेत आणि एकेकाळी काउंटीचं मुख्य ठाणं असलेल्या लोवेलला स्वतःची पालिकाही नाही. अशा वस्त्या मी पोकळ वर्तुळाने दाखवतोय.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो बॉइड काउंटीतल्या मोनोवायने. १९३० साली तिथे १२३ माणसं होती. १९६० साली ४०, १९९० साली ६, २००० साली २ आणि २०१० साली १. उरलेल्या त्या एकट्या बाईच महापौर, कारकून, खजिनदार आणि ग्रंथपाल. रस्त्यांचा आराखडा त्या दरवर्षी सादर करत आल्या, म्हणून चार दिव्यांसाठी राज्याचा निधी मिळत राहिला. मला हे फार मोलाचं वाटतं. गाव कागदावर जिवंत ठेवायलाही कुणीतरी खपावं लागतं.

२०२० च्या जनगणनेत मात्र मोनोवायची लोकसंख्या २ छापली गेली. दुसरं कुणी राहायला आलेलं नव्हतं. कुणाची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून जनगणना खात्याने या वेळी लहान जागांचे आकडे मुद्दाम थोडे हलवले. राज्याची एकूण लोकसंख्या आणि घरांची संख्या यांना हात लावलेला नाही. म्हणून शंभराच्या आतल्या प्रत्येक गावापुढे मी २०१० आणि २०२० चे दोन्ही आकडे देतोय, शेजारी घरांची संख्या. तुम्हीही लहान गावांची वाढ-घट फक्त २०२० वरून काढू नका, ही कळकळीची विनंती.

पश्चिमेला आर्थर काउंटी झाली. अख्ख्या काउंटीत ४३४ माणसं आणि पालिका असलेलं गाव एकच, आर्थर. आसपास लाकूड नाही, म्हणून तिथलं चर्च १९२८ साली पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींवर उभं केलं. जमीन कशी आहे, ते त्या भिंतीच सांगतात.

आता वाळूच्या टेकड्यांमधली चेरी काउंटी. क्षेत्रफळ जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं, माणसं साडेपाच हजारांच्या आसपास. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे कुटुंबामागे ६४० एकर जमीन दिली, पण गवताने जेमतेम धरून ठेवलेल्या या वाळूत नांगर चालत नाही आणि गुरं पाळायला तेवढी जमीन पुरत नाही. त्यामुळे कुरणं मोठी होत गेली आणि शेजार लांब गेला. घनतेच्या रंगछटेत हा सगळा भाग एकसारखा फिकट दिसतो, म्हणून दहा माणसांमागे एक ठिपका देऊन बघतोय. ठिपके रँचच्या (गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांच्या) घरांवर टाकावेत की रस्त्याकडेला? कुणी असा विरळ प्रदेश काढला असेल तर जरूर सांगा.